गयाबाई (थोरली) आणि सुनंदा

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी सुनंदा मेली.

'देवाघरी गेली' असं लिहिलं असतं, तर तिनं खोडलं असतं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. दुष्काळ होता. उमरग्याकडच्या एका साखर कारखान्यात नवा कॉम्प्युटर आला होता आणि सुनंदा तिथं प्रोग्रामर होती. मी धाराशिवला कॉलेजात मराठी शिकवायचो. सुट्टी मिळाली की एसटीनं तिला भेटायला जायचो. लग्नाचं अजून कुणी बोललं नव्हतं.

कारखाना सभासदांच्या जनावरांना उसाचं वाढं देत होता. खिडकीवर नाव सांगायचं. क्लार्क ते इंग्रजीत टाइप करणार, सुनंदाचा प्रोग्राम यादीत शोधणार. सापडलं की चारा.

त्या दिवशी मी तिथंच होतो. क्लार्क एका बाईंना म्हणाला, "मावशी, तुमचं नाव कॉम्प्युटरात न्हाय."

"मग बैलास्नी काय सांगू? मालकीणच न्हाय म्हणून?"

रांग हसली. त्या हसल्या नाहीत. बैल कालपासून उपाशी होते.

सुनंदानं यादी उघडली. नाव होतं. गयाबाई (थोरली).

त्यांची जाऊही गयाबाईच. म्हणून एक थोरली, एक धाकटी, आणि ते कंसात. क्लार्कनं टाइपही तसंच केलं होतं, कंसासकट.

सुनंदानं मला समजावलं. शोधताना मशीन काही खुणांना अक्षर मानत नाही, हुकूम मानतं. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. कंस म्हणजे आतलं एकत्र धर. त्यामुळं ते कंस नसलेली गयाबाई थोरली शोधत होतं. तशी यादीत कुणीच नव्हती. कंसवाले सगळेच रिकाम्या हातानं परत गेले होते.

साहेब म्हणाले, यादीतले कंस काढून टाका.

"काढता येतील. पण उद्या कुणी टिंब घेऊन येईल. नावं मी ठरवत नाही, सर. लोक सांगतात."

तिनं एकच ओळ लिहिली. खिडकीतून आलेलं प्रत्येक नाव शोधायच्या आधी त्या ओळीतून जाणार. नावात अशी खूण असली, की तिच्या आधी एक तिरपी रेघ पडणार. रेघ पडली की मशीन कंसाला नुसता कंस समजतं.

क्लार्कनं पुन्हा टाइप केलं. गयाबाई सापडल्या.

वाढ्याचा भारा उचलायच्या आधी त्या आत डोकावल्या.

"पोरी, तुझं नाव काय?"

"सुनंदा."

"आन कंसात?"

सुनंदानं माझ्याकडं बघितलं.

"अजून रिकामाच हाय, मावशी."

तिच्या गावचं, मुरूमचं बोलणं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. माझ्याशी ती पुस्तकी बोलायची.

परतीच्या बसमध्ये ते वाक्य मी मनात म्हणत राहिलो. उमरगा मागं पडला तरी.

लग्नानंतर ती माझ्याशीही तसंच बोलायला लागली.

आता घरात तसं कुणी बोलत नाही.

मुलगी फोनवर विचारते, बाबा, काही हवंय का? मी म्हणतो, काही नाही. तिला ते खरं वाटत नाही. ती काहीबाही पाठवते. सुनंदाला 'काही नाही' म्हटलं, की ती खरंच काही द्यायची नाही. चहासुद्धा.

म्हणून सरळ सांगतो.

मला चहा हवाय, सुनंदा. आणि समोर तू.

तुला मनापासून आदरांजली.