प्लंबरच्या लेकीचा बाप्तिस्मा

आमच्या जिन्यात बातमी आली ती अशी: वरच्या मजल्यावरच्या प्लंबरने बायकोच्या हट्टापायी पंथ बदलला आणि भर चर्चमध्ये तीनदा डोकं पाण्यात घालून घेतलं. बातमी चवदार होती, पण खोटी. बुडवली ती त्याची तान्ही लेक. हा नुसता पाणी तापवायला होता.

बायको ऑर्थोडॉक्स पंथाची ख्रिस्ती. त्यांच्यात तान्ह्या बाळाचाच बाप्तिस्मा करतात. याचे वडील तळमजल्यावर राहतात, त्यांच्या चर्चची मंडळी वेगळी. तिथे माणूस कळता झाला, स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल केला, की मगच पाण्यात उतरवतात. हा माझ्या मोरीत नळ बसवत होता, तिथे येऊन म्हातारबुवांनी ऐकवलं, "तिला न विचारता बुडवलीत, तर मला नात नाही. तुझी पायरी चढणार नाही."

हा नळाच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळत राहिला. वरून बायकोची हाक आली, "मग तारीख ठरवू का?"

"ठरव."

"अरे, जीभ गहाण टाकलीस की काय?" मी म्हटलं.

"काकू, तो पाना द्या जरा."

बाप्तिस्म्याच्या सकाळीच चर्चचा गीझर बंद पडला. फादरांच्या ओळखीचा प्लंबर एकच. त्याने झाकण उघडलं, कॉइल जळलेली पाहिली, झाकण परत लावलं. मागच्या खोलीत गॅसवर पातेली चढवली, बादल्या वाहिल्या. नव्या शर्टाची बाही न दुमडताच बाप्तिस्म्याच्या कुंडात कोपर घातलं. गार पाणी ओतलं. पुन्हा कोपर. मग भिंतीला टेकून उभा राहिला.

त्या विधीत बापाला काम नसतं. फादरांनी पोरीला तीनदा बुडवलं, ती किंचाळली, आणि पांढऱ्या कापडात गेली ती धर्मपित्याच्या, म्हणजे याच्या मेहुण्याच्या हातात. कपाळाला तेल लावलं, चमच्याने द्राक्षारसाचं प्रभुभोजनही दिलं. बाप परपंथाचा, त्याला ते तिथे मिळत नाही. मी तर त्याच्या तोंडाकडेच टक लावून बसले होते. दुसऱ्याच्या घरचं रडू चुकवायची मला सवय नाही. पण तिथे काहीच नव्हतं. बाहीतून पाणी ठिबकत होतं, तेवढंच.

परत आलो तर म्हातारबुवा जिन्यात उभे. सून पोरीला घेऊन खालमानेने वर गेली. मी पर्समध्ये किल्ली शोधू लागले. किल्ली हातातच होती.

"बुडवलीत शेवटी," म्हातारबुवा म्हणाले.

"हो."

"आणि तू बाप असून काय केलंस?"

प्लंबरने आवाज चढवला नाही. वॉशर बदलायला हवा, असं सांगतो तसं म्हणाला,

"मला नदीत उतरवलंत तेव्हा मी गारठलो होतो, बाबा. तिचं पाणी मी तापवलं."