नावेतला फिटर

दोन हजार पाचच्या पुरात आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दम लागला. शिरोळच्या दवाखान्याला न्यायला एकच नाव होती. तिच्यात उसाला पाणी पाजायच्या पंपाचं इंजिन बसवलेलं होतं आणि ते गार राहायला नदीचंच पाणी ओढायचं. मध्यावर गाळानं नळी तुंबली, इंजिन तापलं आणि बंद पडलं. नावाड्यानं बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला दोर बांधला.

नावेत पेठ वडगावकडचा एक फिटर होता, लेकीच्या घरी येऊन पुरात अडकलेला. त्याचं नाव मी विचारलं नाही. त्यानं नळी तोंडानं फुंकून मोकळी केली, गाळ थुंकला आणि हँडल मारायला लागला. दर खेपेला आधी तळहात विजारीला पुसायचा, मग बैलाला थोपटावं तसं इंजिनाला थोपटायचा.

"पावणं, हाताची सालं निघाली की! बसा जरा," नावाडी म्हणाला.

"तू दोर धर. तोंड चालवू नगंस," तो खेकसला.

दिवस मावळायच्या आत दुसरी नाव आली. तेव्हा तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "मावशी, इंजिन गेलंय हे मला पयल्याच खेपेला कळलंतं. हँडल हलकं लागत हुतं, आत दाबच उरला नव्हता. पर थांबलो असतो तर तुमाला सांगाय लागलं असतं."

मालकांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते केव्हाच गार पडले होते. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. तो हँडल मारत होता, तोवर आम्ही दवाखान्यालाच निघालो होतो.