उगवतीकडं फिरलेला कॅमेरा

खंडेनवमीच्या सकाळी दामिनीच्या मोबाईलवर फोटो आला आणि तिच्या हातातला चहा तसाच राहिला. फोटोत नुसता सूर्य होता, आणि सूर्यावर तीन पांढरे पट्टे.

"मावशी, कॅमेरा फिरलाय!" म्हणत तिनं स्कूटी काढली. मी मागं बसले. सत्तरी ओलांडलेल्या नटीला एवढं पळवू नये. पण तिसरी घंटा झाली आणि नायिका विंगेत नाही, असं काळीज उडालं होतं.

दामिनी माझी शेजारीण. लातुरात पासपोर्टचे फोटो आणि लग्नाचे अल्बम करून तिनं घर चालवलं. आमचं जुनं नाट्यगृह पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हा ती कमिटीपुढं उभी राहिली. "जुनं पडताना, नवं उभं राहताना, दोन वर्षं मी पाच मिनिटांत दाखवते."

"बाई, हे हळदीचं शूटिंग न्हाई," एकजण हसला. तरी काम तिनं मिळवलंच.

श्रावणात नाट्यगृहासमोरच्या डाळमिलच्या गच्चीवर तिनं लोखंडी खांब पक्का केला. स्क्रू दातांत धरून काम करायची तिची रीत. पाणी शिरू नये म्हणून डब्याला रबराची कड, वर सोलरची पट्टी, आणि कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला. म्हणजे ऊन भिंगात शिरत नाही. एरवी तासाला एक फोटो, पाडकामाच्या दिवशी मिनिटाला. "केसभर हलला तरी इमारत उडी मारल्यागत दिसते, मावशी."

गच्चीवर पोचलो. डब्याला झेंडूची माळ, काचेवर विभूतीचे तीन पट्टे. शेजारी मिलच्या मालकीणबाई जगदेवीअक्का, हातात पूजेचं ताट, चेहरा प्रसन्न.

"अक्का, ह्याला हात कुणी लावला?"

"मीच की. आज समद्या हत्यारांची पूजा हाय. मिलची झाली, काट्याची झाली, मग ह्यानं काय घोडं मारलंय? पूजेला तोंड उगवतीकडं लागतंय. हमालाला सांगून फिरवलं."

समोर पाडकामाचं मशीन घुरघुरत होतं. आज रंगमंचाची कमान पडणार होती. विसरलेलं वाक्य उद्याच्या प्रयोगात सावरता येतं. कमान एकदाच पडते.

तिनं ओढणीनं काच पुसली, बोल्ट सैल केले. मी कालचा फोटो तिच्यापुढं धरला. शेजारच्या घराच्या छपराचं टोक या कोपऱ्यात, मागची पाण्याची टाकी त्या कोपऱ्यात. जुळलं. बोल्ट आवळला, तर सरकलं. पुन्हा सैल. तिकडं मशीनचा लोखंडी हात वर उठला.

"अक्का, त्याला थांबवा!"

अक्का कठड्याशी धावल्या. "ए अंगद! मशीनची पूजा केलास का?"

चालकानं डोकं बाहेर काढलं. "मुकादम बोंबलून राहिलाय अक्का, दुपारी करतो की!"

"बिनपूजेचं हत्यार चालवतोस? आज? उतर खाली. चप्पल काढ."

ताट सावरत त्या जिना उतरल्या. अंगद निमूट खाली उतरला. अक्कांनी मशीनला सावकाश गंध लावलं. नारळ पहिल्या घावात फुटला, तर त्यांनी दुसरा मागवला. "अजून किती नारळ, अक्का?" अंगद कुरकुरला. "गप उभा राहा. हात जोड."

वर दामिनीनं युक्ती बदलली. आवळताना कॅमेरा उजवीकडं सरकतो, म्हणून तिनं तो आधीच किंचित डावीकडं धरला आणि श्वास रोखून पाना फिरवला. डबा बंद झाला तोवर मशीन पुन्हा सुरू झालं होतं. पहिला घाव. दुसरा. दगड कोसळल्याचा आवाज गच्चीपर्यंत आला, पण ती मोबाईलकडंच बघत होती. मीही.

फोटो आला. धुळीत अर्धी कमान. छपराचं टोक, टाकी, दोन्ही आपापल्या जागी.

"थोडंसं सरकलंय," ती म्हणाली. "तेवढं कॉम्प्युटरवर जुळवते."

तेव्हा कुठं मी मान वर केली. कमान नव्हती. रंगमंचाच्या जागी पलीकडचं आभाळ दिसत होतं.