यशस्वी खुर्ची

माणूस मोठा होतो तो मनात एक मोठा शब्द धरून. बीडमध्ये असे शब्द मनात मावत नाहीत, म्हणून ते फ्लेक्सवर छापतात. आमच्या गल्लीत ‘टार्गेट’ आहे, ‘मिशन’ आहे, ‘व्हिजन’ तर समोरासमोर दोन आहेत. ही सगळी अभ्यासिकांची नावं. स्पर्धा परीक्षा देणारी मुलं तिथं महिन्याच्या बोलीनं एकेक खुर्ची घेतात आणि दिवसभर वाचत बसतात.

अशीच एक अभ्यासिका माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर आहे. चालवणारा माझा जुना विद्यार्थी. वडिलांचं मोटारसायकलींचं गॅरेज आहे, पण याला हात काळे करायचे नव्हते. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो, म्हणून भिंतींवर लिहायच्या शब्दांसाठी तो माझ्याकडं आला.

“सर, शब्द लई जड पायजे. पोरगं आत आलं की दबकलं पायजे.”

“‘पर्सिव्हरन्स’ घे.”

“म्हंजी?”

“चिकाटी.”

“मग नको सर. चिकाटी तर आमच्या अब्बाकडं बी हाय.”

शेवटी ‘पॅशन’, ‘डेडिकेशन’ आणि ‘कन्सिस्टन्सी’ या तिघांची तीन भिंतींवर नेमणूक झाली. चौथ्या भिंतीवर विजेचं मीटर होतं.

या शब्दांचा व्यवहार मी जिन्याखाली बसून बराच ऐकला आहे. ‘स्ट्रगल’ नेहमी चालू असतो, रस्त्याच्या कामासारखा. तो संपल्याचं कुणी सांगत नाही. ‘पोटेन्शियल’ निकाल लागल्यावर पालकांना सांगतात, तेही मुलगा यादीत नसेल तरच. ‘डेडिकेशन’ शेजाऱ्याच्या पोरात असतं. मराठीत ‘महत्त्वाकांक्षी’ म्हटलं की जरा जपून राहण्यासारखा माणूस वाटतो. तोच ‘अ‍ॅम्बिशस’ झाला की लोक त्याला मुलगी दाखवायला तयार होतात.

मुलींच्या बाबतीत मात्र हा हिशेब उलटा चालतो. माझी भाची सिरसाळ्याहून आमच्याकडं राहायला आली ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करायला. बसायची वरच्याच अभ्यासिकेत. मागच्या वेळी अगदी थोडक्यात हुकली होती. तिच्या वडिलांनी निरोप धाडला होता, “ह्या बारीला झालं तर झालं. न्हाई तर दिवाळीनंतर स्थळं बघायची.” माझे मेहुणे शब्दाचे पक्के आहेत. त्यांनी त्यातलं एक स्थळ आधीच बघून ठेवलं होतं.

त्याच सुमारास वरच्या अभ्यासिकेतली पाली गावची एक मुलगी कर सहायक झाली. आमच्याकडं कुणाची निवड झाली की त्याची पुस्तकं, पेन, वह्या मागून नेतात. ते ठीक आहे. पण खरी झुंबड उडते ती खुर्चीसाठी. निवड झालेल्याची खुर्ची ‘यशस्वी’ होते आणि तिच्यासाठी भांडणं लागतात. ही कोपऱ्यातली निळी प्लास्टिकची खुर्ची होती. एक हात तुटलेला.

“मामा, मला ती खुर्ची पायजे,” भाची म्हणाली.

“परीक्षा काय खुर्चीनं दिली?”

“मग कशानं दिली? पुस्तकं आमची तीच, क्लास तोच, नोट्स बी माझ्याच नेल्या होत्या तिनं. फरक खुर्चीचाच ना?”

हा प्रश्न तर्कशास्त्राचा होता. मी इंग्रजीचा माणूस.

खुर्ची मागणारे बरेच होते. अभ्यासिकेच्या मालकानं तोडगा काढला, की सत्काराच्या वेळी त्या मुलीनंच वारस जाहीर करावा. गादीचा वारस जाहीर करायची पद्धत आपल्या जिल्ह्याला नवी नाही. इथं फक्त गादी प्लास्टिकची होती.

सत्काराला एक पुढारी आले. फेटा, शाल, नारळ झालं. भिंतीवरचे तिन्ही शब्द वाचत वाचत त्यांनी भाषण केलं आणि मीटरपाशी येऊन थांबले. मग मुलगी उभी राहिली. मालकानं माइक तिच्या पुढं केला.

“सांग ताई, या खुर्चीमागचं मोटिव्हेशन काय?”

“मी पालीहून पहिल्या गाडीनं यायचे,” ती म्हणाली. “लवकर पोचायचे, म्हणून ती खुर्ची घावायची. तिच्यावरचा पंखा तेवढा नीट फिरतो.”

सगळ्यांनी वर पाहिलं. फिरणारा पंखा एकच होता. वर पाहणाऱ्यांत मालक नव्हता. तो खाली पाहत होता.

“याला म्हणतात सिम्प्लिसिटी!” पुढारी म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या.

“अन् वारस?” मागून एक पोरगा ओरडला.

“जो लवकर येईल त्याची खुर्ची.”

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भाची जिना चढून वर गेली. तिसऱ्या दिवशीही. तोच पोरगा दारात तिला म्हणाला, “ही काय कॉम्पिटिशन हाय का? तू ह्याच घरात ऱ्हाती!”

“मग तू बी एखादा मामा बघ ना,” ती म्हणाली आणि बसली.

उन्हाळाभर ती तिथंच बसली. बाकीचे पुस्तकानंच वारा घ्यायचे आणि पुस्तक वाऱ्याला लावलं की वाचायचं राहून जायचं. मालकाचे अब्बा एकदा पाना-पक्कड घेऊन पंखे बघायला आले होते, पण मुलानं त्यांना काळ्या हातांनी भिंतीला टेकू दिलं नाही. रंग ताजा होता.

परीक्षा झाली, निकाल लागला, भाची तलाठी झाली. मेहुण्यांनी बघून ठेवलेलं स्थळ परत ठेवून दिलं. मालकानं चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला, त्यावर ‘स्ट्रगल टू सक्सेस’. खुर्चीला हार घालून तिचाही फोटो खाली छापला.

परवा भाचीचा नेमणुकीच्या गावाहून फोन आला. मी विचारलं, ऑफिस कसं आहे.

“चांगलं हाय, मामा,” ती म्हणाली. “पंखा बी हाय. वायरिंग व्हायचंय.”