रेडिओशिवायची गाडी

मला कागद वाचायचा नाद आहे. औषधाच्या खोक्यातली घडी, वॉशिंग मशीनची पुस्तिका, खेमेन्तेचं म्हणजे इथल्या नगरपालिकेचं पत्र, काहीही चालतं. नवरा म्हणतो, "अगं, टर्म्स अँड कंडिशन्स शेवटपर्यंत वाचणारी जगात तू एकटीच असशील." असेन. त्याच्या व्हिसावर नेदरलँड्समधल्या डीमनला येण्याआधी मी सहा वर्षं चाकणच्या एका गाड्यांच्या कारखान्यात क्वालिटीला होते. तिथे न वाचता सही केली की दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागत.

आमच्या बिल्डिंगखाली गॅरेजेस आहेत. त्यातल्या एकात साठच्या दशकातली एक लांबलचक, फिकट निळी अमेरिकन गाडी उभी असते. मालक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे डच गृहस्थ. इथे वडीलधाऱ्यांनाही नावाने हाक मारतात. ते मला मेलं जमत नाही, म्हणून समोर मी त्यांना काहीच म्हणत नाही आणि मनात आजोबा म्हणते.

एका शनिवारी सायकल ठेवायला खाली गेले, तर आजोबा स्टुलावर बसून जुन्या कागदांचा ढीग चाळत होते. त्यांच्या गाडीच्या मॉडेलचा कॅटलॉग, जोडणीची पुस्तिका, कारखान्याच्या सांकेतिक आकड्यांची यादी. जुन्या गाड्यांच्या जत्रांतून वर्षानुवर्षं जमवलेला ऐवज होता तो. माझे पाय तिथेच थबकले.

"यात काय शोधताय?" मी विचारलं.

"माझा भाऊ खोटारडा आहे का, ते," आजोबा म्हणाले.

गाडी मुळात त्यांच्या थोरल्या भावाची. तो तरुणपणी अमेरिकेत कामाला गेला आणि काही वर्षांनी ही गाडी बोटीत घालून परत आला. सांगायचा, की मी ही कारखान्यातून माझ्या ऑर्डरप्रमाणे बनवून घेतली, आणि मुद्दाम रेडिओशिवाय, कारण गाडी चालवताना मी स्वतः गातो. रेडिओ नंतर बायकोच्या हट्टापायी बसवला. घरात कोणाचा विश्वास बसेना. अमेरिकेत जाऊन रेडिओशिवाय गाडी कोण घेतं? कोणाची तरी वापरलेली उचलली असेल आणि आता फुशारक्या मारतोय. एका वाढदिवसाला, इथल्या पद्धतीप्रमाणे सगळे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर कॉफी नि केकचा एकेक तुकडा घेऊन बसलेले असताना, धाकट्याने म्हणजे आजोबांनी त्याला सर्वांदेखत थापाड्या म्हटलं. सगळे खो खो हसले. त्यानंतर थोरल्याने ती गोष्ट पुन्हा कधीच सांगितली नाही.

"आता तो शहाऐंशीचा आहे. आर्नहेमला वृद्धाश्रमात असतो. चालवता येईना तेव्हा गाडी मला दिली. हसणाऱ्यांतला मीच काय तो उरलोय," आजोबा म्हणाले. "मला कळायलाच हवं."

कॅटलॉगप्रमाणे रेडिओचे पैसे वेगळे पडत, म्हणजे तो न घेणं शक्य होतं. पण याच गाडीचं काय? आजोबांनी कंपनीला लिहूनही पाहिलं होतं. त्या वर्षांचे कागद जपलेले नाहीत, असं उत्तर आलं.

"सीट काढून पाहिल्यात का?" मी विचारलं.

"सीट कशाला?" त्यांनी विचारलं. मग मी त्यांना चाकण समजावलं. लाइनवर प्रत्येक गाडीचा एक कागद असतो. रंग कुठला, इंजिन कुठलं, काय बसवायचं, काय नाही. सीट बनवणाऱ्यांकडेही त्याची प्रत जाते, कारण योग्य सीट योग्य गाडीत पोचायला हवी. ती प्रत ते सीटलाच कुठेतरी अडकवतात. पुढे सीट बसवणारा माणूस कागद काढून कचऱ्याच्या डब्यापर्यंत चालत जाईल? पुढची गाडी येऊन उभी असते. तो कागद तसाच ठेवतो. चाकणला मी यावरून किती जणांशी भांडले असेन, देव जाणे. अमेरिकेतली माणसं काही वेगळ्या मातीची नसणार.

मागची सीट गुडघ्याने रेटून उचलली की निघते. खाली धूळ, एक हेअरपिन, आणि स्प्रिंगांत गुंडाळून खोचलेला पिवळा कागद. मला तर नाचावंसं वाटलं. बारीक चौकोन, आकडे, कोणीतरी पेन्सिलीने केलेल्या खुणा. आजोबांनी यादीवरून एकेक आकडा लावला आणि रेडिओच्या चौकोनापाशी थांबले. तो भरलेला होता.

"थापाड्याच," ते म्हणाले. पण आवाजात आनंद नव्हता. ते स्टुलावर जाऊन बसले.

"थांबा हो," मी म्हटलं. "आधी नंबर." आमचे साहेब म्हणायचे, आधी नंबर जुळव, मग तोंड उघड. कागदावरचा नंबर गाडीच्या दाराच्या खांबावर असलेल्या नंबरच्या पाटीशी ताडून पाहिला. शेवटचे दोन आकडे वेगळे होते.

"मग हा कोणाचा?"

"मागेपुढे असलेल्या कुठल्यातरी गाडीचा. घाईत अदलाबदल झाली असणार."

ही चूक मी स्वतः चाकणला पकडली होती, अगदी हीच. कुठला कोण माणूस, कधीचा दिवस, आणि चूक तीच. त्याला झापावंसंही वाटलं आणि चहा पाजावासाही वाटला.

पुढच्या सीटचे बोल्ट गंजून बसले होते. त्यांच्यावर तेल मारून आठवडाभर वाट पाहिली. तो आठवडा माझं स्वयंपाकात लक्ष नव्हतं. दोनदा आमटी खारट झाली. शनिवारी सीट उलटी केली तर तिथेही कागद निघाला, अर्धा उंदराने खाल्लेला. मी आकडे वाचत गेले, आजोबा पाटीवर बोट ठेवून "या, या", म्हणजे डचमधलं "हो, हो", म्हणत गेले. सगळे जुळले. वर लिहिलेलं होतं की गाडी ग्राहकाच्या ऑर्डरची. रेडिओचा चौकोन रिकामा, आणि त्याच्याखाली एक आकडा. यादीत पाहिलं, तर तो रेडिओची जागा बंद करायच्या झाकणाचा.

मी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी टोपी काढून तोंडावर धरली. मग मी हात खाली घेतले.

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीतून आम्ही आर्नहेमला गेलो. मला त्यांनी हट्टाने नेलं, आकडे समजावून सांगायला. थोरले खिडकीशी बसले होते, धाकट्यापेक्षा उंच आणि वाळलेले. आजोबांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधला कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. मी रिकामा चौकोन दाखवला, झाकणाचा आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळं शांतपणे पाहिलं आणि फोल्डर परत केलं.

"मी काय मागवलं होतं ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "मला कागद नको होता."

"मला हवा होता," आजोबा म्हणाले.

मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही वाटली. इतके दिवस मी आकड्यांतच रमले होते. कुठल्याही कागदाशिवाय या माणसावर विश्वास ठेवता आला असता, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

थोड्या वेळाने आजोबा म्हणाले, "ती गोष्ट सांग ना पुन्हा."

"आता आठवत नाही," थोरले म्हणाले. ते खिडकीतून खाली गाडीकडे बघत होते. मग म्हणाले, "एक चक्कर मारू."

आम्ही त्यांना पुढे बसवलं, मी मागे. आजोबांनी गाडी सुरू केली तशी रेडिओवर कोणीतरी हवामान सांगू लागलं. त्यांनी हात पुढे करून तो बंद केला. आम्ही नदीकडे निघालो. पुलावर थोरल्यांनी घसा खाकरला आणि गायला लागले. आवाज अगदीच बेसूर होता. आजोबा समोर बघत हळू गाडी चालवत राहिले, आणि पूल संपल्यावर वळून पुन्हा पुलावर आले.