वकीलबाई आणि न आवडलेला कार्यक्रम

भांडायला आलेल्या माणसाचं भांडण वकीलबाई आधी स्वतःच भांडून दाखवायच्या. समोरचा तावातावाने बोलून दमला, की चष्मा कपाळावर सारून म्हणायच्या, "थांबा. आता तुमचं म्हननं मी सांगते, चुकलं तं टोका." आणि त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडायच्या. मग विचारायच्या, "असंच म्हनायचं हाय ना तुमाले? काई सुटलं?" तो "हो" म्हणेपर्यंत पुढे सरकत नसत. हो म्हणाला, की माझ्याकडे वळून, "लिही, ग्रॅज्युएट."

ग्रॅज्युएट म्हणजे मी. भाजीच्या मळ्यातून उठून कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारता सांगते. बी.ए. झाल्यावर आदिलाबादला एका समितीच्या कार्यालयात कंत्राटावर लागले. जिल्ह्यातल्या रेडिओ आणि केबलवरच्या कार्यक्रमांबद्दल तक्रार आली, तर दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यायचा, हे समितीचं काम. सदस्य तिघं. एक डॉक्टर, एक निवृत्त हेडमास्तर आणि अध्यक्ष विमलाबाई कोंडावार. बाईंनी जन्मभर इथल्याच कोर्टात वकिली केलेली, म्हणून गावाच्या त्या वकीलबाई. सुनावणीचं टिपण मी लिहायची. एरवी माझ्या पदवीची चेष्टा करणाऱ्या बाई परका माणूस आला की म्हणायच्या, "या आमच्या ग्रॅज्युएट. यांच्यासमोर जपून बोला, सारं लिहून घेतात."

मी रुजू झाले त्याच आठवड्यात एक कापडदुकानदार आला. मुलीच्या वरातीतला नाच केबलवाल्याने गावभर दाखवला, आपली अब्रू गेली, म्हणून ओरडत होता. बाईंनी त्याची बाजू मांडली. घराणं, पोरीचं सासर, लोकांची तोंडं, सगळं झालं, तरी तो काही "हो" म्हणेना. बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "असं तं नाई ना, का व्याह्याचा नाच दाखवला अन् तुमचा नाई दाखवला?"

त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मी काई कमी नाचलो नोतो, बाई."

ती तक्रार चहावर मिटली. 'कापसाची चावडी'ची तक्रार तशी मिटणारी नव्हती.

हा गावातल्या एका छोट्या रेडिओ केंद्राचा कार्यक्रम. गजानन नावाचा निवेदक मार्केट यार्डात माईक घेऊन फिरायचा. कुठल्या व्यापाऱ्याच्या मीटरवर कापसात ओल किती दाखवली, त्यापायी भाव किती पाडला आणि तोच कापूस दुसऱ्याच्या मीटरवर कसा कोरडा निघाला, हे शेतकरी सांगायचे. मराठी, तेलुगू, दखनी, ज्याला जी येईल ती भाषा. एक दिवस एका शेतकऱ्याने कापसातली सरकी काढणाऱ्या ज्या जिनिंग मिलचं नाव घेतलं, ती एका मंत्र्याच्या नातलगाची निघाली. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम बंद. केंद्राला वरून निरोप आला तोही तोंडी: समितीचा निकाल येईपर्यंत थांबवा. समितीकडे तक्रार आली ती त्यानंतर, तीही सरकारी खात्याकडूनच. केंद्राचा परवाना तेव्हा नूतनीकरणाला गेलेला होता, त्यामुळे केंद्राचे चालक हादरलेले. समितीने बंदी उठवली नाही, तर कार्यक्रम कायमचाच जाणार होता. आणि यार्डात कापसाच्या गाड्या यायला सुरुवात झाली होती.

बाई बंदीवर मुकाट सही करतील, असं सगळे धरून चालले होते. त्याला कारणही होतं. बाईंच्या धाकट्या भावाचीही जिनिंग होती. भाऊ बोलताना अडखळायचा, आणि गजाननने रेडिओवर त्याच्या बोलण्याची नक्कल केली होती. बाई त्या कार्यक्रमावर मनापासून चिडून होत्या. "त्या पोराच्या हाती माईक देला का पोळ्याचा बैल मोकळा सोडला, तेच समजत नाई," असं म्हणायच्या.

सुनावणीला हैदराबादहून त्या खात्याचे एक अधिकारी आले. मऊ बोलणारे, हसतमुख. निकाल टाइप करूनच आणलेला. "मॅडम, बस दस्तख़त," म्हणाले.

"पहले सुनेंगे," बाई म्हणाल्या.

आणि तक्रारीतले सगळे भाग त्यांनी खरोखर लावायला सांगितले. गजानन आणि केंद्रचालक एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला. साहेब मोबाईलमध्ये बोट फिरवत होते. भावाची नक्कल लागली तेव्हा हेडमास्तर खाली पाहू लागले. गजाननचा चेहरा उतरला. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली, मग मला म्हणाल्या, "लिही. नक्कल ज्याची केली तो माझा सख्खा भाऊ. हा कार्यक्रम बंद झाला तं माझ्या माहेरी पेढे वाटतीन. हे पहिले लिही, मंग बाकीचं."

मग चष्मा कपाळावर गेला. साहेबांची बाजू त्यांनी दखनीत मांडायला घेतली. भाषा उर्मट आहे, व्यापाऱ्यांची बदनामी होते, यार्डात मारामाऱ्या होतील. साहेब प्रत्येक वाक्याला खुशीत मान हलवत होते. बाई पुढे म्हणाल्या, "और ये भी, के मंत्रीजी के रिश्तेदार का नाम आया, इस वास्ते ऊपर से बंद करने को बोले. यहीच कहना है ना? कुछ छूटा?"

साहेबांची मान थांबली. "मॅडम, वो बात लिखने की नहीं है."

"लिखने की नहीं, तो हमारे सुनने की भी नहीं," बाई म्हणाल्या. "फिर बाकी क्या रही? ज़बान. उसका फ़ैसला हम करते."

निकाल त्यांनी मला तिथेच सांगितला. कुणाच्या व्यंगाची नक्कल करायची नाही. ज्या व्यापाऱ्याचं नाव येईल त्याला उत्तर द्यायला वेळ द्यायचा. बंदी आजपासून उठली. डॉक्टरांनी सही केली. हेडमास्तरांचं पेन मात्र कागदावर टेकेना. बाई म्हणाल्या, "सर, तुमाले पटत नसन तं तसं लिवा. फक्त घरी जाऊन बायकोले जे सांगसान, तेच इथं लिवा." हेडमास्तर हसले आणि त्यांनी सही केली.

साहेब निघताना दारात थांबले. "आपकी कमेटी की मीयाद भी तो ख़त्म होने को आई, मॅडम."

"आने दो. मीयाद तो सबकी है," बाई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी गाडी बोलवायला मला पाठवलं.

मी परत आले तर गजानन बाईंच्या पायाशी वाकलेला. त्या पाय मागे घेत होत्या. "पाय नको धरू. तुया कार्यक्रम मले बिलकुल आवडत नाई."

आठवड्याभरात यार्डातून 'कापसाची चावडी' पुन्हा सुरू झाली. त्या भाऊबीजेला भाऊ आला नाही. सण संपल्यावर बाई डबाभर चिवडा आणि अनारसे घेऊन कार्यालयात आल्या. मी नको नको म्हणत होते, तर म्हणाल्या, "भावाच्या वाटचं हाय. निमूट खा." पुढे समितीची मुदत संपली, नव्या नेमणुका आल्या. डॉक्टर राहिले, हेडमास्तर राहिले. बाईंचं नाव नव्हतं. ते त्यांना मीच सांगितलं. त्यांनी टेबलाच्या खणातून आपली चष्म्याची डबी आणि सुपारीचा अडकित्ता काढून घेतला, खण रिकामा झाला ना ते हात घालून पाहिलं, आणि "येते, ग्रॅज्युएट," म्हणून गेल्या.

बाई गेल्या वर्षी वारल्या. मला त्या आठवतात त्या मात्र शेवटच्या वेळी कार्यालयात आल्या तशा. नवे अध्यक्ष आत बसलेले, बाहेर तक्रारदारांचा बाक भरलेला, आणि त्यात सगळ्यांत शेवटी बाई, हातात घडी केलेला कागद. मी उठून आत चला म्हटलं, तर हातानेच बस म्हणाल्या. नंबर आल्यावर कागद माझ्यापुढे ठेवला. दरखास्त होती, 'कापसाची चावडी'विरुद्ध. शेतकरी बोलत असताना निवेदक मधेच तोडतो, म्हाताऱ्या माणसांना वाक्य पुरं करू देत नाही, समितीने समज द्यावी.

मला राहवलं नाही. "बाई, ज्याच्यापायी भाऊ तुटला, खुर्ची गेली, त्याचीच तक्रार?"

"मंग?" बाई म्हणाल्या. "बंद पडला असता तं कोनाची केली असती? मार शिक्का."