पुण्याला गेल्यावर दाखवू

ती केस कुठल्याच ठाण्याच्या डायरीत नाही, तरी मोठमोठ्या तपासांपेक्षा मला ती जास्त स्वच्छ आठवते. निवृत्तीनंतर आम्ही दोघं नवरा-बायको सिंगापूरला मुलीकडे, बुओना व्हिस्टा भागातल्या कॉन्डोत, म्हणजे तिथल्या सोसायटीत, राहायला आलो होतो.

खबर मिळाली बागेतल्या बाकावर. मुलांकडे आलेले मराठी आईबाप सकाळी तिथे जमतात. त्यातले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, वहिनी आज पायरीवरून पडता पडता वाचल्या. डावीकडचं त्यांना दिसत नसावं."

घरी येऊन मी चौकशी सुरू केली. पण आरोपी जन्मभर पोलिसाच्या घरात मुरलेली. "मला काय धाड भरलीय?" म्हणत काकडी चिरत राहिली. सरळ विचारून काही निघत नसेल तर विचारणं थांबवावं, हे मी ठाण्यात शिकलो होतो. एरवी कोशिंबिरीची काकडी उचलली की माझ्या हातावर चापट बसते. त्या दिवशी मी तिच्या डाव्या बाजूने एकेक काप उचलत गेलो. चापट आली नाही.

रिकामी होत आलेली ताटली समोर ठेवली, तेव्हा तिने कबुली दिली. "डाव्या डोळ्यावर कडेने सावली येते. पण लेकीला सांगू नका हं. आपण व्हिजिट पासवाले पाहुणे, आपल्याला इथे उपचारात सरकारी सवलत नाही. पोरीची सगळी बचत जाईल. पुण्याला गेल्यावर दाखवू."

बाकावरच्या बायकाही कटात सामील निघाल्या. त्यांनी गावाहून आणलेले थेंब तिला दिले होते.

मला राग आला, आणि रडूही. मुलीला ऑफिसातून बोलावून घेतलं. दवाखाना गेटसमोरच होता. तिथून तातडीने मोठ्या रुग्णालयात पाठवलं. डोळ्याचा आतला पडदा सुटत होता. पुण्याची वाट पाहिली असती तर डोळा गेला असता. शस्त्रक्रिया झाली. बिल भरून मुलगी म्हणाली, "आईला दिसतंय ना? मग झालं."

गुन्हेगारांपेक्षा आईबापांकडून खरं काढणं कठीण, हे मला त्या केसने शिकवलं. इतक्या श्रीमंत शहरात, दारात दवाखाना असताना, ते मुलांच्या खर्चाला भिऊन दुखणं गिळतात. म्हणून यंदा पुन्हा इथे आल्यापासून बाकावर मी रोज हजेरी घेतो. ज्याचं जे दुखतं, ते त्याने तिथेच सांगायचं.

परवा सगळ्यांनी "ठीक" सांगितलं. तेवढ्यात ही म्हणाली, "आणि साहेबांचा गुडघा? आठवडाभर कठडा धरून जिना उतरतायत."

"अगं, पुण्याला गेल्यावर..." मी बोलून गेलो आणि सगळा बाक हसला.

दुपारी तिने मला दवाखान्यात नेलंच. जिन्यावर ती नेहमी माझ्या उजवीकडून चालते. म्हणजे मला पकडलं ते त्याच डाव्या डोळ्याने.